उसातला आकाराम

आकाराम एकाहत्तरच्या लढाईत भ्याला. शूरवीरांच्या गोष्टी सगळेच सांगतात, म्हणून मी आधी हेच सांगतो. त्यानं मोर्चा सोडला, त्याच रात्री मागं राहिलेले सगळे मारले गेले, आणि ह्याचंही नाव त्यांच्यातच लागलं. लपतछपत कसबा बावड्याला पोचला तेव्हा घरी त्याचे दिवस घालून झाले होते. बायकोनं, धोंडुबाईनं, त्याला नदीकाठच्या रानातल्या खोपीत ठेवलं. चार दिवसांसाठी म्हणून ठेवलं, त्याची तीस वर्षं झाली.

आमचं रान शेजारी. ब्याण्णव साली चुकलेली म्हैस शोधत शिरलो तेव्हा तो दिसला, आणि मीही तोंड शिवलं. ऊस उभा असला की तो सरीत वावरायचा. कारखान्याची तोड आली की रान उघडं पडायचं. मग बुडख्यांतून फुटलेला खोडवा डोक्याएवढा वाढेपर्यंत हा खोपीतल्या माळ्यावर आडवा. पाठ वाकली ती त्यानंच. कुणी विचारलंच तर धोंडुबाई सांगायची, मुका राखण्या ठेवलाय. मामाकडे वाढलेल्या मुलालाही, अमरसिंहालाही, तिनं तेच सांगितलं होतं.

त्याला एकच हवं होतं. एकदा दिवसाढवळ्या आपल्या दारातून आत जायचं.

"लढाई कवाच संपली, तात्या," मी म्हणायचो. "आता कोण धरतंय तुमास्नी?"

कारगिलनंतर तो तयार झाला. माझ्याकडून दाढी करून घेतली. नेमका त्याच आठवड्यात गावानं हुतात्म्यांचा दगड बसवला, त्यावर ह्याचं नाव पहिलं. धोंडुबाईला साडीचोळी दिली. अमरसिंह भाषणात बापाचं नाव घेऊन रडला. मला सगळ्यांचीच लाज वाटली, माझी धरून.

संध्याकाळी ती रानात आली. "आता न्हाय जमायचं," म्हणाली. "पोराला तोंड दाखवाय जागा ऱ्हायची न्हाय."

"व्हय," तो म्हणाला आणि माळ्यावर चढला.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात तो तिथंच गेला. धोंडुबाईला रडू आवरेना, तेव्हा बायका विचारू लागल्या, राखण्यासाठी एवढं काय?

"लई वरसं रान राखलं त्यानं," ती म्हणाली.

निदान आता तरी तुमच्या दारावरून नेऊया, असं मी अमरसिंहाला म्हणालो.

"परक्याचं मढं आमच्या दारावरनं कशाला, काका?"

धोंडुबाईनं ते ऐकलं. आम्ही नदीच्या वाटेनं गेलो.