डांगरीच्या आतला पट्टा

आमच्या घरात जास्त हट्टी कोण, हा वाद लग्नाला वीस वर्षं झाली तरी मिटलेला नाही. पण पट्ट्याच्या बाबतीत हट्ट माझाच होता, हे आधीच कबूल करून टाकते.

नवरा कतारमध्ये अल खोरच्या उत्तरेला एका गॅसच्या प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटचं काम करतो. पाइपांवरची दाब आणि तापमान मोजणारी यंत्रं तपासायची, बिघडली तर दुरुस्त करायची. पहाटे पाचला कंपनीची बस, संध्याकाळी साडेपाचला परत. दोन वर्षांपूर्वी त्याच्या शरीरानं इन्सुलिन बनवणंच सोडून दिलं. आधी दिवसाला चार इंजेक्शनं होती. उन्हाळ्यात शिडीवर चढलेला असताना साखर एकदम खाली यायची. दोनदा तो वरच्या लोखंडी जाळीच्या मचाणावर डोकं धरून बसून राहिला होता आणि हे मला महिनाभरानं कळलं, तेही तो बसमधल्या कुणाशी तरी फोनवर बोलत होता म्हणून. त्या दिवशी मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग डॉक्टरांनी पंप दिला. पत्त्यांच्या कॅटाएवढी डबी, आत सेल आणि इन्सुलिनची कुपी, तिच्यातून निघून पोटावरच्या चिकटपट्टीत शिरणारी बारीक नळी. दिवसभर तो पंप थेंबथेंब औषध सोडत राहतो. पंपाची सवय व्हायला त्यानं महिन्याची रजा टाकली होती, त्या महिन्याभरात त्याचा चेहरा भरला. रात्री मी त्याचा घाम तपासायला उठायची, ते बंद झालं. मला तर त्या डबीची आरती करावीशी वाटत होती.

अडचण एकच होती. डबी कुणाला दिसता कामा नये, असं नवऱ्याचं म्हणणं. प्लांटच्या दवाखान्यात साखरेची नोंद होती, पंपाची नव्हती. "कळलं तर साइटवरून काढतील आणि ऑफिसात टेबलावर बसवतील," तो म्हणाला. "आणि टेबलाला माणसं जास्त झाली, की परतीचं पहिलं तिकीट कुणाचं काढतात तुला ठाऊक आहे."

मला ते पटलं. इथे राहणाऱ्या कुठल्याही बाईला पटेल. आमचा इथला मुक्काम नोकरीला बांधलेला आहे. पोरगी दहावीत होती. मी म्हटलं, लपवायचंच ना, मग असं लपवू की ब्रह्मदेवालाही सापडणार नाही.

डांगरी म्हणजे प्लांटमधला तो गळ्यापासून घोट्यापर्यंतचा एकसंध पोशाख. तिच्यावरून कमरेला एक जाड पट्टा असतो, त्याला वॉकीटॉकी आणि गॅस ओळखणारं यंत्र लटकतं. आमचा पट्टा हवा होता तो डांगरीच्या आत, बनियनवर. तो घसरता कामा नये, कारण घसरला की नळी ओढली जाते. फुगता कामा नये. आणि पन्नास डिग्रीत बारा तास घामानं भिजूनही तसाच राहिला पाहिजे. बायका दागिना घेताना करत नसतील इतकी चिकित्सा मी केली.

आधी मी घरीच सुती पट्टा शिवला, परकराच्या नेफ्यासारखा. तो दुपारपर्यंत मांडीवर आला. मग औषधाच्या दुकानातून कंबरदुखीचा रुंद पट्टा आणला. तो घट्ट होता, पण उघडताना एवढा मोठा चर्रर्र आवाज करायचा, की प्लांटच्या बाथरूममध्ये रांगेतल्या सगळ्यांना कळलं असतं. पळणाऱ्या लोकांचा लवचिक पट्टा घेतला, तर त्यात डबी प्रत्येक पायरीला उडी मारायची. शेवटी दोहाच्या बाजारात चामड्याचा बघितला. दुकानदारानं दोन्ही हातांनी ओढून दाखवला, हा तुमच्या नातवालाही पुरेल म्हणाला. पण त्याची कड कमरेत रुतत होती आणि बकल नेमकं नळीवर येत होतं. परतीच्या पाऊण तासात नवरा म्हणाला, जाऊ दे, मी ते चिकटपट्टीनं अंगाला बांधून टाकीन. मी गाडीची काच खाली करून वर केली. राग आला की मी असं काहीतरी करते.

तोडगा मिळाला खालच्या मजल्यावर. तिथे रत्नागिरीकडच्या भाभी राहतात. आम्ही नाशिकचे, त्या कोकणातल्या मुसलमान. त्यांचं बोलणं मला पहिल्या वर्षी अर्धंच कळायचं, पण इमारतीत मराठी बोलणारी दोनच घरं. त्यामुळे त्यांचे घावने वर यायचे आणि माझी भाकरी-ठेचा खाली जायचा. भाभींचे यजमान त्याच प्लांटमध्ये गेटवर तपासणीला आहेत, एवढं मला माहीत होतं. तपासणी कशाची, हे मी कधी विचारलं नव्हतं.

भाभी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यात एक पांढरा, चार बोटं रुंद पट्टा होता. जाड विणीचा, दोन चेनवाले खिसे, वर टिचबटणं. मी विचारलं हे काय. त्या म्हणाल्या, एहरामचा पट्टा. उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला जाताना पुरुष न शिवलेली दोन पांढरी कापडं नेसतात, त्याला खिसा कुठला असणार? म्हणून पासपोर्ट, फोन, सगळं या पट्ट्यात, आणि त्यावरच खालचं कापड आवळून बसतं. गर्दीत, उन्हात, दिवस दिवस चालताना हलत नाही. मी तो हातात घेतला आणि मला कळलं, की माझं काम झालं.

भाभींना मी सांगितलं, ह्यांची कंबर दुखते, गरम पाण्याची पिशवी धरायला असा पट्टा हवा होता. खोटं इतकं सहज निघालं तोंडून, की मलाच नवल वाटलं. त्यांनी तोच काढून दिला. "आमच्यांचा हाय, पण दुसरा घेऊ. शेजाऱ्याची कंबर सरळ झाली तर सवाबच मिळंल," म्हणाल्या. सवाब म्हणजे पुण्य.

दोन दिवस मी त्या पट्ट्यावर बसले. एक खिसा उसवून आतल्या बाजूला घेतला. नळीसाठी छिद्र पाडून त्याला काज केलं, अगदी पोलक्याला करतात तसं, दाट टाक्यांचं. आतून जुन्या सुती साडीचं अस्तर लावलं. मग परीक्षा. नवऱ्याला डांगरी घालून स्टुलावर चढवलं, उतरवलं, उकिडवं बसवलं, जमिनीवरून चप्पल उचलायला लावली. पोरगी चारी बाजूंनी फिरून म्हणाली, "आय कान्ट सी एनीथिंग, बाबा." शेवटी मी त्याला मिठी मारून पाहिली आणि मलाही डबी लागली नाही. इतकं शिवण आयुष्यात कधी मनासारखं जमलं नव्हतं. मी त्या रात्री स्वतःवर खूश होऊन झोपले.

तो पट्टा अकरा दिवस प्लांटमध्ये गेला.

बाराव्या दिवशी शुक्रवार होता, पण नवऱ्याची ड्यूटी होती आणि पट्टा त्याच्या कमरेलाच होता. दुपारी भाभी घावने घेऊन वर आल्या. त्यांच्या यजमानांना सुट्टी होती, ते झोपले होते. बोलता बोलता त्या हसत म्हणाल्या, की आमचे हे घरी देवभोळे, पण गेटवर कसाई. फोन तर सोडाच, हातातलं सेलवालं घड्याळसुद्धा काढून घेतात. गाडीची रिमोटवाली किल्ली पण. एकाचं कानाचं यंत्र होतं, त्याला दवाखान्याचा कागद आणल्याशिवाय आत सोडलं नाही.

मी विचारलं, इतकं कशाला?

"आत गॅस असतो ना वहिनी. सेलातून एवढीशी ठिणगी उडाली तरी बस. आत हजार माणसं." त्यांनी घावन्याचा तुकडा मोडला. "तुमच्या ह्यांना मात्र हात पण लावत नायत. म्हणतात, तो मानूस स्वतः ती यंत्रं तपासतो, त्याला काय तपासायचं?"

मी चहाचा कप खाली ठेवला. कुणी लपवून नेलंच तर काय होतं, असं मी कशीबशी बोलले. भाभी म्हणाल्या, त्याचं जे व्हायचं ते होईल, पण ज्यानं गेटवरून सोडला तो आधी घरी जाईल. मग त्यांनी घावने ठेवलेली ताटली माझ्याकडूनच धुऊन घेतली, रिकामी परत देऊ नका म्हणून थट्टा केली, आणि मी त्यात साखर घालून दिली. मी त्यांना काही सांगितलं नाही. दार लावलं आणि साडेपाच वाजायची वाट बघत बसले.

त्या दोन-अडीच तासांत मला आधी भीती वाटली, मग लाज, आणि बस दिसेपर्यंत नुसता संताप उरला. मी नवऱ्याला बूटही काढू दिले नाहीत.

"पंपात सेल आहे आणि तो आत चालत नाही, हे तुला माहीत होतं?"

तो खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूनं. हो म्हणाला. मग समजवायला लागला. डबी बंद आहे, तिच्यातली वीज अगदी नाममात्र आहे, मी वीस वर्षं हेच काम करतोय, धोका कुठे आहे आणि कुठे नाही ते मला कळतं. मी विचारलं, मग बाकीच्यांचे फोन का ठेवून घेतात? त्यांना काहीच कळत नाही, असं का? त्यावर तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, की शिडीवर चढून हातानं काम करायचं सोडलं तर त्याला दुसरं काही येत नाही. खाली बसवलेला माणूस कसा होतो, ते त्यानं स्वतःच्या वडिलांमध्ये पाहिलं होतं.

मला त्याची दया आली. पण दया आली म्हणून मी मागे हटणार नव्हते. हजार माणसं आत, त्यांतला एक हा, आणि ती सगळी त्याच्या भरवशावर. आणि मी माझ्या हातानं काज करून दिलेलं.

"उद्या गेटवर पोचायच्या आत तू सांगायचं," मी म्हटलं. "नाहीतर आत्ता खाली जाऊन मी सांगते. दोन्हींतलं काय ते तू ठरव. तिसरं काही नाही."

तो म्हणाला, एक रात्र दे. मी दिली.

सकाळी तो पट्टा घालूनच गेला, कारण पंप काढून जायला डॉक्टरांची मनाई होती. गेटच्या अलीकडे, जिथे गॅसचा प्रश्न नाही तिथल्या कार्यालयात, त्यानं भाभींच्या यजमानांना बाजूला घेऊन डांगरीची चेन उघडली. ते आधी डबीकडे बघायच्या ऐवजी पट्ट्याकडेच बघत राहिले, असं नवऱ्यानं मला नंतर सांगितलं. मग त्यांनी फॉर्म काढला. नवऱ्याचं नाव लिहिलं, बारा दिवस लिहिले. आणि खाली, कुणी विचारलं नव्हतं तरी, आणखी एक ओळ लिहिली. यांतले अकरा दिवस गेटवर मी होतो आणि मी यांना तपासलं नाही. त्याच्यापुढे आपला कंपनीतला नंबर घालून सही केली.

चौकशी तीन आठवडे चालली. नवरा घरी बसून होता. भांडी घासायचा, पोरीचं गणित घ्यायचा, माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचा. निकाल आला तो आमच्यासाठी बराच बरा आला. ताकीद मिळाली, पण नोकरी राहिली. त्याला गॅसच्या हद्दीबाहेरच्या वर्कशॉपमध्ये दिलं. तिथे यंत्रं त्याच्याकडे येतात, तो शिडी चढत नाही. पहिल्या महिन्यात तो बसमधून उतरताना माझ्याकडे बघायचा नाही. आता बघतो. तिथे पंप कमरेला उघडा लटकला तरी कुणी विचारत नाही.

भाभींच्या यजमानांना गेटवरून काढलं. आता ते गोदामात नोंदी ठेवतात. पगार कमी झाला, आणि पाळ्यांचा भत्ता गेला, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. घावने वर येणं बंद झालं.

मी दोन आठवडे धीर गोळा केला आणि खाली गेले. भाभींनी दार उघडलं, पण दारातच उभ्या राहिल्या. मी कंबरदुखीचं खोटं सांगितलं, म्हणून माफी मागितली. त्या म्हणाल्या, ते जाऊ दे, त्याचा राग नाही. नवऱ्यासाठी बाई एवढं बोलतेच.

"मी घावने घेऊन आले त्या दुपारी तुमाला कळलं ना?"

मी हो म्हटलं.

"मग तवाच मला का नाय सांगितलंत? आमचे हे घरातच होते. उठून कंपनीला फोन केला असता. सोताहून कळवलं असतं तर त्यांचं गेट गेलं नसतं, असं तिथले साहेब म्हणाले."

एवढा वेळ मला वाटत होतं, की सगळ्यात धीराचं काम मी त्या संध्याकाळी केलं. नवऱ्याला अडवलं, दटावलं, कबूल करायला लावलं. पण त्यासाठी मी माझ्या माणसाला एक रात्र दिली, आणि ती रात्र यांच्या माणसाची होती. ताटलीत साखर घालून मी त्यांना खाली पाठवलं होतं.

"मला माझ्या नवऱ्याला आधी वाचवायचं होतं," मी म्हटलं.

भाभींनी मान हलवली. "मी पण तेच केलं असतं," म्हणाल्या. पण आत या, असं म्हणाल्या नाहीत. दार हळूच लावलं.

पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही. त्या दार उघडतात, पोरीची चौकशी करतात, ह्यांची साखर कशी आहे विचारतात, आणि दारातच उभ्या राहतात. नवरा म्हणतो, आता पुरे कर, लोकांना नको असेल तर कशाला जायचं? मी त्याचं ऐकत नाही. आत या असं त्या म्हणेपर्यंत मी जाणार आहे.