गाईच्या तोंडात घातलेला हात

“हिच्या तोंडात हात कोणी घातला होता?”

गुरांच्या डॉक्टरांनी गोठ्याच्या दारातच थांबून हा प्रश्न विचारला आणि नेमकी त्याच वेळी आमची चंद्री पुन्हा हंबरली. हंबरली म्हणायचं एवढंच. तो आवाज गाईचा राहिला नव्हता. घसा बसलेल्या माणसाने जिवाच्या आकांताने ओरडावं तसा घोगरा, तुटका आवाज. तोंडातून लाळेच्या तारा जमिनीपर्यंत लोंबत होत्या.

मी नवऱ्याकडे पाहिलं. हे सुपारीच्या शेंड्याकडे बघू लागले. लग्नाला तीस वर्षं झाली, त्यामुळे हे वर बघायला लागले की खाली काहीतरी लपवायचं असतं एवढं मला कळतं.

“रेबीज वाटतोय,” डॉक्टर म्हणाले. “पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग गुरांनाही होतो. पक्कं निदान ती गेल्यावर मेंदूच्या तपासणीतच होईल, पण माणसांनी तोवर थांबायचं नसतं. हिची लाळ ज्याच्या हाताला लागली असेल, त्याने आजच्या आज दवाखाना गाठा. आता कोणी तिच्याजवळ जायचं नाही. पाणीसुद्धा लांबूनच सरकवा.”

दिवेआगरला आमची नारळ-सुपारीची लहानशी वाडी आहे. मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो, त्यांचा स्वयंपाक मी करते आणि वाडी हे बघतात. चंद्री घरचीच. दोन दिवसांपूर्वी तिने वैरण सोडली, तोंड वासून उभी राहिली आणि घशात काही अडकल्यासारखी मान ताणू लागली. इथे किनाऱ्यावर पाहुणे प्लास्टिकच्या पिशव्या टाकून जातात आणि गुरं त्या खातात. यांना वाटलं, पिशवीच अडकली. घातला हात कोपरापर्यंत, एकदा नाही, दोनदा. आत काहीच नव्हतं. मी ही हकिकत लिहायला बसले ती यासाठीच. गुरं पाळणारा कोणीही माणूस हेच करील आणि त्याला आपण काही वावगं केलंय असं वाटणारही नाही.

मग आठवलं. दोनेक महिन्यांपूर्वी किनाऱ्याकडून आलेल्या एका कुत्र्याने तिच्या नाकपुडीला चावा घेतला होता. आम्ही हळद दाबली, जखम भरली आणि गोष्ट संपली. आमच्यापुरती.

डॉक्टर गेले आणि आमच्यात जुंपली.

“मला कुत्रा चावला न्हाय, गाय चावली न्हाय. मंग सुई कशाला?”

“अवो, डॉक्टर सांगून गेले ना?”

“ते गुरांचे डॉक्टर. मी काय ढोर हाय?”

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ती वेळ नव्हती. मी विचारलं, हाताला कुठे कापलंय का? नाही म्हणाले. नीट बघून सांगा. नाही म्हणजे नाही. वर सुपारी सोलायला बसले. धाबं माझं दणाणलेलं आणि हे पात्यावर सुपारी धरून खुशाल बसलेले.

तासाभरात बातमी सगळ्या आळीत पोचली. निम्मी आळी चंद्रीच्या दुधाचा चहा पिते. शेजारच्या जनाकाकू तर रोज सकाळी वाटीभर धारोष्ण दूध घेतात. त्या काठी टेकत आल्या, ओटीवर बसल्या आणि डोळे मोठे करून म्हणाल्या, “अगो, मी तर कच्चंच पिते. मी आता भुंकनार का गो?”

एरवी मी तासभर हसले असते. पण काकू अगदी खरं मानून विचारत होत्या. डॉक्टर जाता जाता जे सांगून गेले होते तेच मी त्यांना सांगितलं. उकळलेल्या दुधाने हा रोग होत नाही. कच्चं प्यायलेल्यांनी दवाखान्यात जाऊन विचारून घ्यावं. आणि माणूस भुंकतबिंकत नाही. काकू लगेच उठल्या, “मंग मी जातेच,” म्हणून निघाल्या. ऐंशीच्या घरातली बाई निघाली आणि ज्याचा हात कोपरापर्यंत लाळेत बुडाला होता तो माणूस सुपाऱ्या सोलत बसला होता.

मी स्वयंपाकघरात गेले. भांडणाने हा माणूस हलणार नाही हे मला ठाऊक होतं. फडताळातून आगळाची बरणी काढली. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, सोलकढीला लागतो तो. परातीत ओतला, वर मूठभर कोकमं टाकली आणि हाक मारली, “अवो, एवढी कोकमं जरा पिळून द्या. माझा हात गुंतलाय.”

हे आले, हात धुतले आणि परातीत घातले.

“आय आय गं!” करत दोन्ही हात झटकन वर.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी यांचा उजवा हात धरला आणि खिडकीच्या उजेडात नेला. अंगठ्याच्या पेराला बारीक चीर. दोन बोटांवर पात्याचे ओरखडे. नखाजवळ कातडी सोललेली. रोजचंच काम, म्हणून यांच्या लेखी त्या जखमाच नव्हत्या. आगळ मात्र बरोबर आत शिरलं होतं.

यांनी एकेक बोट उजेडात फिरवून बघितलं. मग एवढंच म्हणाले, “चल.” तीस वर्षांत या माणसाने माझं इतक्या लवकर कधी ऐकलं नव्हतं. परातीतलं आगळ मी ओतून टाकलं आणि रिक्षा बोलावली.

जवळच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी यांना नळाखाली उभं केलं. वाहतं पाणी आणि साबण, चांगली पंधरा मिनिटं. दोन दिवस उलटले तरी धुवायचंच, म्हणाल्या. हे धुता धुता पुन्हा आपल्या पहिल्याच प्रश्नावर आले. चावा नाही, मग रोग कसा?

“विषाणूला दात लागत नाहीत, काका. त्याला दार लागतं. तुमच्या बोटांवर किती दारं उघडी आहेत बघा.”

मी विचारलं, विषाणूवर काही अँटिबायोटिक गोळी नसते का? आमच्याकडे ताप आला की माणूस मेडिकलमधून तीच आणतो. त्या म्हणाल्या, अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, विषाणूंवर त्याचा काही उपयोग नाही. सर्दीपासून रेबीजपर्यंत हेच. रेबीजचा विषाणू जखमेतून नसांमध्ये शिरतो आणि हळूहळू मेंदूकडे चालत जातो. या मधल्या काळाला इन्क्युबेशन पिरियड म्हणतात, म्हणजे शरीरात शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंतचा काळ. तो काही आठवड्यांचा असतो, काही महिन्यांचा, क्वचित वर्षाचाही. तो मेंदूपर्यंत पोचायच्या आत लस शरीराला लढायला तयार करते. म्हणून उशीर झाला तरी लस घ्यायचीच.

“आणि लक्षणं दिसल्यावर?” मी विचारलं.

“मग आमच्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही, काकू. म्हणून तर आज तुम्ही आलात हे बरं केलंत.”

पोटात चौदा इंजेक्शनं देतात असं लहानपणापासून ऐकलेलं. ती पद्धत कधीच गेली. आता दंडात, थोडी थोडी, ठरलेल्या दिवशी. पहिली सुई यांनी डोळे मिटून घेतली. पण एवढ्याने भागणार नव्हतं. जखमेत लाळ गेली असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. म्हणजे तयार प्रतिपिंडं, विषाणूला तिथल्या तिथे अडवणारी. लसीचा परिणाम व्हायला दिवस लागतात, तोवर हा पहारा. ते तिथे शिल्लक नव्हतं. बाईंनी फोन करून दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात आहे याची खात्री केली, चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, “घरी जाऊन मग जाऊ, असं करू नका. इथूनच जा.”

रिक्षा तशीच मोठ्या रुग्णालयाच्या वाटेला लागली. घाटातल्या वळणांवर हे पुढचा दांडा धरत होते आणि मी त्यांच्या बोटांकडेच बघत होते. आत्ता, या क्षणी तो विषाणू नसांमधून कुठपर्यंत पोचला असेल? मनगटापर्यंत? कोपरापर्यंत? दिसत काहीच नाही. ताप नाही, सूज नाही, माणूस धडधाकट शेजारी बसलेला. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. समोर वादळ दिसतं तेव्हा माणूस निदान दार तरी लावतो.

मोठ्या रुग्णालयात आम्ही बाकावर बसून राहिलो. शेजारी कुत्रं चावलेली एक बाई पाय पुढे करून बसली होती. तिने विचारलं, “तुमचं काय हो?” हे म्हणाले, “गाय.” तिने कपाळाला हात लावला. नंतर आमचा नंबर लागला. ते औषध प्रत्येक चिरेत आणि चिरेभोवती टोचतात. बोटांत जागाच किती? हे ओरडले नाहीत. डोळ्यांतून पाणी मात्र घळाघळा वाहिलं. त्यानंतर अर्धा तास थांबवून घेतलं, अंगावर काही उठतंय का बघायला. काही उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्री गेली. यांना मी वाडीत जाऊ दिलं नाही. जाळीच्या दारातून हे उभे राहून बघत होते. पुढे तपासणीतही रेबीजच निघाला.

सुया संपल्या, पण माझी भीती संपेना. मुलगी पनवेलला असते. तिने फोनवर वाचून दाखवलं की या रोगात हायड्रोफोबिया होतो, म्हणजे पाणी गिळताना घसा आवळतो, पुढे पाणी बघूनही माणूस घाबरतो. तिने ते सांगायला नको होतं. त्या दिवसापासून यांनी तांब्या उचलला की माझे हात थांबायचे. चहा, ताक, आमटी, सगळ्यावर माझा पहारा. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, मी तर दुसऱ्याच्या तोंडचं पाणी फुंकत होते. हे वैतागायचे, पण बोलायचे नाहीत. हळूहळू माझ्यासमोर पाणी प्यायचेच बंद झाले. माझी तर पाचावर धारण बसली.

मग एक दिवस जेवताना यांनी उजवा हात दोनदा झटकला.

“काय झालं?”

“काय न्हाय. मुंग्या येतात जरा. चारपाच दिवस झाले.”

जखमेच्या जागी मुंग्या येणं हे पहिलं लक्षण असतं, हेही मुलीने वाचून दाखवलं होतं. मी पाण्याचा तांब्या यांच्यापुढे सरकवला. “प्या.” यांनी माझ्याकडे पाहिलं, तांब्या तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि जोराचा ठसका लागला. पाणी नाकातून आलं.

ताटं तशीच टाकून आम्ही निघालो. वाटेत मी देवाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ताप बघितला, घसा बघितला, हात वळवून मनगटावर आतल्या बाजूला बोटाने टकटक केलं. हे म्हणाले, “हां, आता आल्या मुंग्या.” बाई म्हणाल्या, “मनगटातून जाणाऱ्या नसेवर दाब येतोय. कार्पल टनेल म्हणतात याला. वर्षानुवर्षं सुपारी सोलून होतं. लस वेळेत झालीय, इम्युनोग्लोब्युलिन झालंय, सगळ्या सुया पूर्ण आहेत. हे रेबीजचं नाही.”

“पण ठसका?” मी म्हटलं. “पाणी जात नाही हो यांना.”

बाईंनी ग्लास भरून यांच्या हातात दिला. यांनी तो ओठांपर्यंत नेला, माझ्याकडे पाहिलं आणि खाली ठेवला. मी तो पुन्हा यांच्यापुढे सरकवला.

बाई यांच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. मग पुन्हा यांच्याकडे.

“काकू,” त्या म्हणाल्या, “जरा भिंतीकडे तोंड करून उभ्या राहता का?”

मी वळले. भिंतीवर लहान मुलांच्या लसींचा तक्ता होता. पोलिओ, गोवर, कावीळ. मी अक्षरं वाचत होते आणि त्यातलं काही डोक्यात शिरत नव्हतं. मागे ग्लास उचलल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग घटघट, घटघट, न थांबता, शेवटच्या थेंबापर्यंत. ग्लास टेबलावर आपटला.

“ही अशी टक लावून बसली तर अमृत पन अडकंल हो घशात,” हे म्हणाले. “महिनाभर तहानलेला हाय मी. अजून एक ग्लास द्या.”

बाई हसल्याचं ऐकू आलं. दुसरा ग्लासही तसाच गेला. या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं, पण एवढं गोड मी त्याआधी काही ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

“चल गो, वळ आता,” हे म्हणाले.

मी वळले नाही. पदर तोंडात धरून तिथेच भिंतीकडे बघत उभी राहिले, आणि म्हटलं, “तिसरा प्या आधी.”