मोंबासाला जाताना पौडापर्यंत

बोट संध्याकाळी मुंबईहून सुटायची होती आणि सकाळी मी मुळशीत भैरोबासमोर उभी होते, हात न जोडता. हात जोडणार नाही हे मी आईला आधीच सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "नको जोडू. नुसती हुबी ऱ्हा."

सोबत पुण्याच्या वसतिगृहातल्या माझ्या दोन मैत्रिणी होत्या. एकीचे मामा-मामी मोंबासाला राहत. मामी माहेरपण आटोपून याच बोटीनं परत निघाल्या होत्या, त्यांनी आम्हां तिघींना सुट्टीत आफ्रिका बघायला चला म्हटलं. नोकरी नाही, शिक्षण नाही, लग्न तर नाहीच. नुसतं हिंडायला समुद्रापार जायचं. हे गावात कुणाच्या गळी उतरेना. "कामाबिगर एवढ्या लांब?" जो तो विचारी. "पुरुष कामाशिवाय चावडीवर दिवस काढतात, त्यांना कुणी विचारतं का?" असं मी उलट विचारलं की बोलणं थांबायचं.

आईचं थांबलं नाही. तिची एकच अट होती, निघायच्या सकाळी देवाला कौल लावायचा. "डावा आला तरी तू जाशील, मला ठावं हाय," ती म्हणाली. "पर मंग मी तुला यष्टीपतुर घालवाया येनार न्हाई."

वडील गेल्यावर मी शिकायला पुण्याला निघाले त्या दिवसापासून प्रत्येक खेपेला ती माझी ट्रंक डोक्यावर घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत आली होती. आता ती घरात बसून राहणार आणि मी पाठ फिरवून पायवाट उतरणार, हे मला सोसणारं नव्हतं. म्हणून उभी होते.

त्यात त्याच वर्षी मी 'कौल लावणे बंद करा' असं पत्रक काढलेलं, बाजाराच्या दिवशी स्वतःच्या हातानं वाटलेलं. देवळात अर्धं गाव जमलं होतं ते देवासाठी नव्हे, माझी फजिती बघायला. खांबाला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्यानं सुरुवात केली.

"काय गं, तुज्या कागदात ह्यालाच दगड म्हनली हुतीस न्हवं?"

"दगडच आहे, आबा."

"मंग त्याला काय इचारतीयास?"

"मी नाही विचारत. आई विचारतेय."

"मंग ऐकनार कोन? दगड का तू?"

सगळे हसले. माझ्या मैत्रिणीसुद्धा.

मला त्या दगडाचा राग नव्हता, बापड्यानं काय केलंय. गावातले मुलगे मुंबईला गिरणीत गेले तेव्हा या देवाला कुणी उठवलं नव्हतं. आमच्या जन्माआधी धरणाचं पाणी गावावर चढलं, तेव्हा जमीन द्यायची की नाही हे सरकारनं ना लोकांना विचारलं ना देवाला. देवालाच उचलून टेकडीवर आणावं लागलं. त्याचं मत घ्यायची आठवण होते कधी, तर मुलगी उंबऱ्याबाहेर पाय टाकते तेव्हा! हे मी पत्रकात लिहिलं होतं आणि आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.

गुरवकाकांनी दगडावर पाणी घातलं आणि दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवली. उजवी पडली तर जा, डावी पडली तर जाऊ नको. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "देवा, पोर समुद्रापल्याड निगालीया. जाऊ दे का?"

कळ्या हलेनात. एक मैत्रीण घड्याळाकडे बघू लागली. ही एसटी चुकली तर पुण्याहून सुटणारी आगगाडी चुकणार, गाडी चुकली तर बोट. आईनं डोळे मिटलेले.

डावी कळी पडली.

कुणीतरी चुकचुकलं. गुरवकाकांनी मान खाली घातली. मी आईकडे न बघता लोकांकडे वळले, घसा साफ केला आणि म्हणाले, "बंधू-भगिनींनो..."

"गप ऱ्हा गं!" आई म्हणाली. "माजं न् त्याचं चाललंय."

ती पदर खोचून पुढे झाली. "भावजी, तुमी चुकीचं इचारलंत."

"वैनी, एका कामाला दोनदा इचारत न्हाईत."

"दोनदा कुटं? ती जातीयाच. तिच्या जान्याचं इचारायचंच न्हवतं. परत येती का, ते इचारा."

गुरवकाकांनी तांब्या उचलला, पुन्हा कळ्या लावल्या. "देवा, पोर परत येती का?"

खालच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला आणि उजवी कळी टपकन पडली.

काकांनी ती मुद्दाम हलकी लावली, असं माझ्या एका मैत्रिणीचं मत. एरवी मी याचा छडा लावला असता. त्या सकाळी मी जोरात श्वास सोडला आणि आईकडे बघितलं. तिनं ट्रंक डोक्यावर घेतलीसुद्धा होती.

आबांनी मात्र पिच्छा सोडला नाही. "आन् पैल्या कौलाचं काय? देव जाऊ नगं म्हनला की!"

"मी बी तेच म्हनत हुते," आई चालता चालता म्हणाली. "आमा दोगांचं ही कुटं ऐकती?"

पायवाट आम्ही पळतच उतरलो. एसटी थांबली, ट्रंका टपावर गेल्या, आम्ही चढलो, आणि मागून आईही चढली. चपला नाहीत, हातात पिशवी नाही. माझ्या शेजारी येऊन बसली. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उतरली असती.

"मावशी, कुटं?" कंडक्टरनं विचारलं.

"हिच्यासंगं."

"आन् ही कुटं?"

"आफ्रिकेला."

त्यानं पेटी उघडून आत नीट बघितलं. "आफ्रिकेचं तिकीट संपलं बगा. पौडाचं फाडू?"

"फाड."

पौडापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. तिथं उतरली, खालून माझा हात धरला आणि म्हणाली, "जा आता. त्याला खोटा पाडू नगंस." गाडी हलली. मी वळून बघितलं तेव्हा ती थांब्यावरच्या दोन बायकांना हात लांब करकरून काहीतरी सांगत होती. बहुधा आफ्रिका दाखवत असावी.

पुढचं सगळं, आगगाडी, गोदी, लस टोचल्याचे दाखले, मामींची ओरड, मला धावपळीचं असूनही हलकं हलकं आठवतं. डेकवर सतरंज्या टाकल्या तेव्हा दिवस कलला होता. धक्क्यावर हार घातलेली माणसं, रुमाल हलवणारी, रडणारी. माझ्या शेजारी सतरंजी टाकलेल्या एका बाईचं तर पंधराएक जणांचं गणगोत खाली उभं होतं. बोट सुटली, धक्का लांब गेला, मग तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली.

"तुम्हाला पोचवायला कुणी नाही आलं?"

"आई आली होती ना. पौडापर्यंत."

"पौड? हे कुठं आलं?"

मी हात लांब करून सांगायला लागले.