सुधारलेला ट्रॅक्टर, अडलेले उत्तर

एन्सियो रुस्कानेनने लाकूडगिरणीतून निवृत्त होताना घेतला, तेव्हा तो छोटा ट्रॅक्टर अगदी साधा आणि आटोपशीर होता. पण सुधारणा ही संसारासारखी असते. एक वस्तू आणली की ती आपल्या सोयऱ्यांना बोलावून घेते. एन्सियोने पुढे बर्फ उचलायचे मोठे बकेट बसवले. ते भरून उचलताच मागची चाके जमीन सोडू लागली, म्हणून मागे काँक्रीटचा ठोकळा आला. तो त्याने सायमीच्या, म्हणजे बायकोच्या, कपडे भिजवण्याच्या टबात ओतला, आणि टब त्या ठोकळ्यापासून अद्याप विलग झालेला नाही. वजन आले तरी बर्फावर पकड पुरेना, म्हणून चाकांना साखळ्या. साखळ्या मडगार्डला घासू लागल्या, म्हणून चाके बाहेर सरकवणारी पोलादी कडी. त्यामुळे ट्रॅक्टर रुंद झाला, म्हणून शेडच्या दाराची चौकट कापली.

यातली एक सुधारणा मात्र खरोखर विचारपूर्वक होती. बकेटची धार बर्फाबरोबर रस्त्याची खडीही खरवडून नेई. एन्सियोने एक लोखंडी नळी उभी चिरली आणि त्या धारेवर चढवली. तेव्हापासून बर्फ उचलला जाई आणि खडी जागच्या जागी राही.

हे सारे हौसेने केले होते, पण केवळ हौसेखातर नव्हे. सरोवराकाठच्या त्या वस्तीचा रस्ता वस्तीच्याच मालकीचा, आणि त्यावरचा बर्फ एन्सियो काढी. निवृत्त माणसाला समाज पेन्शन देतो. आपली गरज असल्याची खात्री देत नाही. ती खात्री एन्सियोला हा रस्ता देत होता.

त्या शरद ऋतूत, रस्त्याचा कारभार पाहणाऱ्या रस्तामंडळाच्या अध्यक्षपदी मार्केता आली. ती मूळची पश्चिमेच्या सपाट मुलखातली; तिकडे होकाराला 'हो' म्हणतात. इकडे सावो प्रांतात मात्र बोलणाऱ्याने शब्द टाकावेत आणि अर्थाची जबाबदारी ऐकणाऱ्याने घ्यावी, अशी रीत आहे. मार्केताने एन्सियोच्या अंगणात येऊन थेट विचारले,

"एन्सियो, यंदाच्या हिवाळ्यात बर्फ तुम्ही काढणार का?"

एन्सियोने चाकाकडे पाहिले. "आता काय सांगायचं. बर्फ पडला, आणि माणूस तिकडून जातच असला, तर हात थोडाच मोडतोय."

"म्हणजे नाही?"

"नाही असं तरी कोण म्हणेल?"

"मग हो?"

"हो म्हणायचं म्हणजे फारच घाई झाली."

सावोत याहून पक्के वचन लोक लग्नातही देत नाहीत. मार्केताला मात्र वाटले, म्हातारा थकला आहे आणि नकार द्यायला संकोचतो आहे. दयेपोटी तिने शहरातल्या एका ठेकेदाराशी बोलणे सुरू केले. दया ही चुकीच्या माहितीवर उभी असली, तर अन्यायाइतकीच कार्यक्षम असते.

बातमी शेजारच्या ओस्मोने आणली. "सुटलास म्हणे! बर्फ आता शहरातल्या ठेकेदाराचं यंत्राचं धूड काढणार. तू ट्रॅक्टरला पडदे लाव नि आत कॉफी पीत बस."

ओस्मो गेल्यावर सायमी म्हणाली, "जा आणि सांग तिला, मला हवंय म्हणून."

"असं तोंड वर करून? लोक काय म्हणतील?"

"लग्नाचं विचारलंस तेव्हाही तसलंच. म्हणे, 'सरपण दोघांना पुरेल एवढं झालंय.'"

"मग? आलीस ना?"

"मी इथली, म्हणून आले. मार्केता असती तर सरपण घेऊन गेली असती."

एन्सियो उठून शेडमध्ये गेला. ज्याला बोलणे जमत नाही, तो वेल्डिंग करतो. रस्तामंडळाच्या वार्षिक सभेपर्यंत ट्रॅक्टरला गरम होणारी बैठक आली, आणि टपावर दिव्यांची अशी रांग आली की सरोवराच्या पलीकडच्या काठावरून तक्रारीचा फोन यावा.

सभा शाळेच्या दालनात होती. एन्सियोने ट्रॅक्टर खिडकीसमोर उभा केला आणि दिवे चालूच ठेवले. मुद्दा लख्ख दिसावा, हा हेतू. लोक वेलदोड्याचे गोड पाव डोळ्यांवर आडवे धरून बसले.

"तो उजेड कुणाचा आहे? बंद करा आधी!" मार्केता ओरडली.

एन्सियो बाहेर गेला आणि आपला सगळा युक्तिवाद स्वतःच्या हाताने विझवून आला.

"आता बर्फाचा विषय," मार्केता म्हणाली. "ठेकेदाराला काम द्यावं असं मी सुचवते. कुणाला काही म्हणायचंय?"

एन्सियो उभा राहिला. "बकेटच्या धारेवर नळी नसली, तर उन्हाळ्यात रस्त्याची खडी कुरणात सापडते. असं आपलं ऐकिवात आहे."

"माहितीबद्दल आभार. तर मग ठेकेदार ठरला. पुढचा..."

"थांबा!" एन्सियोचा आवाज चिरकला. "मला हवाय तो रस्ता. बर्फ मीच काढणार. मला हवंय ते काम."

चमचे कपांतच थांबले. भर सभेत कुणाची विजार सुटावी, तशी सगळ्यांनी नजर वळवली.

"बरा आहे ना गं तो?" ओस्मोने सायमीला हळूच विचारले.

"अहो, मग मी विचारलं तेव्हाच का नाही सांगितलंत?" मार्केता म्हणाली.

"सांगितलं होतं की."

मार्केताने सभेकडे पाहिले. "काम एन्सियोंना द्यायचं. सगळ्यांना मान्य आहे?"

"विरोध करावा असं आत्ता तरी काही सुचत नाहीये," ओस्मो म्हणाला.

"बर्फ काय, कुणीतरी काढतंच," मागून कुणी बोलले.

मार्केताचे पेन हवेतच राहिले. "हे काय? हो की नाही?"

पण लोक कॉफीकडे वळले होते. त्यांच्या दृष्टीने ठराव संमत झाला होता. मार्केताने हताशपणे सायमीकडे पाहिले.

"लिही बाई," सायमी म्हणाली, "याच्यापेक्षा मोठ्यानं 'हो' इथं कुणी ओरडत नाही."

मार्केताने ठेकेदाराच्या नावावर रेघ मारली. एन्सियो मात्र उभाच होता, कान लालबुंद. उघडपणे काही मागून झाल्यावर माणसाने खाली कसे बसायचे, हे त्याला कुणी शिकवलेच नव्हते. अखेर ओस्मोने खुर्ची त्याच्या गुडघ्यांमागे सरकवली, आणि हलकेच ढकलली.