जानूच्या दोन शिक्षा आणि एक जामीन

कर्जत कोर्टात आम्हा वकिलांची एक बसायची खोली आहे. तारखा पडत राहतात, निकाल लांबतात, आणि मधल्या वेळात चहाबरोबर किस्से साचत जातात. हसायला म्हणून सुरू झालेला किस्सा कधी घशात अडकेल, सांगता येत नाही!

*

हा आमच्या ज्येष्ठ नाना वकिलांचा, खालापूर कोर्टातला. लोधिवलीच्या एका माणसाचा पहिलाच गुन्हा, तोही किरकोळ. जज्जसाहेबांनी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं आणि म्हणाले, "जा आता, पुन्हा इथं दिसू नकोस."

पुढच्या महिन्यात गडी पुन्हा बाकावर हजर!

"अरे, सुटलास ना तू?" नाना ओरडले.

"व्हय. पन सायेब रागानं बोलले वो. म्हनलं, राग गेला का बगून येवं."

*

जानूचं नशीब असं नव्हतं. पळसदरीच्या वरच्या वाडीतला हा मजूर. त्याचाही पहिलाच गुन्हा. करमरकर सर म्हणजे कर्जतचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या मळ्यातल्या खोलीचं कुलूप रात्री तोडून जानूने पाण्याचा पंप पळवला. पंप परत मिळाला, पण शिक्षा दोन झाल्या. कुलूप तोडून शिरल्याची एक, चोरीची एक. दोन्ही एकत्र भोगायच्या असं कोर्टाने म्हटलं नाही, की त्या एकीमागून एक लागतात. जानूचा तेव्हाचा वकील ते मागायलाच विसरला.

जानूची बायको यमी आमच्या खोलीत आली. नानांनी तिला कायदा समजावून सांगितला.

ती म्हणाली, "पन नाना, कुलूप तोडल्याबिगार पंप काडायचा कसा?"

एरवी एका प्रश्नाला तीन उत्तरं देणाऱ्या नानांनी निकालाची प्रत पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू? शिक्षा एकत्र कराव्यात म्हणून आम्ही अपील केलं. ते अजून पडून आहे.

*

त्यातच जानूच्या मुलीचं, सुगंधीचं लग्न ठरलं. पोरगी हटून बसली, "बा आल्याबिगार हळद लावनार नाय!"

मग फर्लो, म्हणजे कैद्याला थोड्या दिवसांची घरी जायची रजा, ती मागितली. जामीनदार हवा होता. वाडीत कुणाच्या नावावर जमीनच नाही, जामीन राहणार कोण? पोलिसांनी रीतीप्रमाणे फिर्यादीला, म्हणजे सरांना विचारलं, काही हरकत आहे का?

सर तणतणत आमच्या खोलीत आले. आता फर्लो बोंबलली, असं मी धरूनच चालले.

"मला विचारतात, भीती वाटते का! पंप मिळाला, कुलूप नवीन लावलं. मुलीच्या हळदीला बाप नको का? जामीन मी राहतो. सही कुठे करायची?"

नाना म्हणाले, "सर, तो परत गेला नाही तर तुम्ही अडकाल."

"मग तुम्ही आहातच की, मला सोडवायला!"

*

लग्न झालं. परतायच्या दिवशी सकाळीच सरांचा फोन. "अहो, जानू माझ्या पडवीत येऊन बसलाय. उठत नाही!"

वेळेवर हजर झाला नाही, तर सर अडकणार, पुढची रजा बंद, अपिलातही तोंड दाखवायला जागा नाही. मी धावतच गेले. जानूच्या हातांवर अजून हळद होती. शेजारी यमी भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन.

"अरे, तुरुंगात जायचं सोडून इथं काय बसलास?"

"वकीलबाय, आमच्यात पावन्याला ज्यानं आनला, त्यानंच पोचवायचा. मला सरांनी आनला. मी एकलाच गेलो तर सरांना कमीपना नाय का?"

सरांनी चष्मा पुसला, शर्ट चढवला आणि गाडी काढली. मागे यमीने गाठोडं मांडीवर घट्ट धरलं होतं.

तुरुंगाच्या फाटकावर शिपायाने जानूचं नाव विचारलं. मग त्याच्या पाठीवर हात ठेवून उभ्या असलेल्या सरांकडे पाहिलं.

"तुम्ही याचे कोण?"

सर म्हणाले, "फिर्यादी."