चांदणीच्या लेकीचं पोट

गुरांच्या दवाखान्यात किस्से शेणासारखे साचतात. रोज काढा, सकाळी पुन्हा तेवढेच. आमच्या रेवदंड्याच्या दवाखान्यातले निम्मे हाजराखालाचे आणि तिच्या चांदणी शेळीचे.

*

चांदणीचा गाभ दोनदा पडला होता. खालाच्या आईने दिलेल्या वाणातली ती शेवटची शेळी. म्हणून तिसऱ्या खेपेला मी गाभ टिकवायचं हार्मोनचं इंजेक्शन सुरू केलं. सारखं जायला कुणाला वेळ? आमचे ड्रेसर पाटीलमामा खालाला दुधीभोपळ्यावर सुई टोचायला शिकवून आले. तिचा हात इतका छान बसला की मामा म्हणाले, "मॅडम, माझी नोकरी जाते आता!"

*

चांदणी व्याली, मादी झाली. चौथ्या दिवशी खाला डबा घेऊन हजर. आत चिकाचा खरवस, वेलची घातलेला. मी दुसरी वडी तोंडात टाकतेय, तोच तिने औषधाची रिकामी बाटली पुढे केली, नवी मागायला. उरलेलं औषध ती रोज पिल्लाला टोचत होती! आईचं पोट टिकलं, लेकीचं आतापासूनच पक्कं करावं, असा हिशेब. मी डबा बाजूला सरकवला.

*

ओरडले मी, खोटं कशाला सांगू. मग तिला मोबाइलवर कोकरांच्या गर्भाशयाचे दोन फोटो दाखवले. जन्मताना आतलं अस्तर कोरं. दोन महिन्यांत तिथे ग्रंथीच ग्रंथी, विहिरी खणल्यासारख्या. पुढे गर्भ रुजेपर्यंत त्याला याच पोसतात. त्या आठवड्यांत हे हार्मोन सतत टोचलं, तर मेंढीत ग्रंथी होतच नाहीत. माजावर येते, पण गाभण राहत नाही. या खणण्याला चिकाचाही हातभार लागतो, हे डुकरांत दिसलंय. शेळीचं छातीठोक कसं सांगू? कॉलेजात हे शिकले तेव्हा अंगावर काटा आला होता, आजही येतो.

मामा फोटोकडे बघतच राहिले. "एवढ्याशा पोरीला कोण सांगतं हो, आता खणायला घे म्हणून?"

खाला डब्याकडे बघत होती. "म्हणजे तिच्या वाट्याचं आपण खाल्लं," ती म्हणाली.

*

सुई त्याच दिवशी बंद झाली. पिल्लू वाढलं, माजावर आलं, बोकड दाखवला. वीस दिवसांनी पुन्हा माजावर. पुन्हा बोकड दाखवला. खाला महिनाभर दवाखान्याकडे फिरकली नाही. मामांनी तर दुधीची भाजीच सोडली.

*

पाच महिने उलटले आणि परवा दुपारी तोच डबा टेबलावर आला. खाला समोर उभी. पुन्हा खरवस असला तर माझा पारा चढणार, म्हणून मामा आधीच दाराकडे सरकले. मी झाकण काढलं. डबा रिकामा, घासून लखलखीत.

"रिकामा डबा कुणाकडे नेऊ नये, कळतं मला," खाला म्हणाली. "पण मॅडम, चांदणीच्या दोघी नातींनी चिकाचा थेंब ठेवला नाही."