विमानातले ‘अहो’

माझी नात मला ‘अहो’ म्हणते. माझी पत्नी गेली एकतीस वर्षं मला याच शब्दाने हाक मारते आहे. त्यामुळे धायरीच्या आमच्या घरी चार महिने राहिलेल्या अडीच वर्षांच्या मुलीने ते माझं नावच आहे असं समजावं, यात नवल नव्हतं. ‘आजोबा’ म्हणायला शिकवण्याचा प्रयत्न मी चिकाटीने केला. ती माझं सगळं नीट ऐकून घेई आणि मग म्हणे, “अहो, तू ऊठ.” आदरार्थी हाक आणि तिच्यापुढे एकेरी क्रियापद. व्याकरणाला हे मान्य नसलं, तरी मला हळूहळू मान्य होत गेलं.

मुलगी आणि जावई नव्या नोकऱ्यांसाठी लंडनला गेले होते. तिथे घर लागेपर्यंत नात आमच्याकडे राहणार आणि मग तिची आजी तिला पोहोचवणार, असं ठरलं होतं. निघायला तीन आठवडे उरले असताना पत्नी जिन्यात घसरली आणि पायाला प्लास्टर आलं. प्रवास पुढे ढकलण्यासारखा नव्हता. मी जातो, असं मी मुलीला फोनवर सांगितलं.

ती म्हणाली, “तुम्ही आणाल नीट, बाबा. पण तिच्यावर ओरडू नका. आणि तो तुमचा हळू आवाजही नको.”

मी कबूल केलं. पत्नीजवळ तिची बहीण येऊन राहणार होती, आणि तिकडे मी तीन महिने राहणार होतो. त्या काळात नातीला दिवसभर माझ्याजवळ ठेवायचं की पाळणाघरात घालायचं, हे तुम्ही आल्यावर बघू, असं मुलगी म्हणाली. काय बघायचं होतं, हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आम्हा दोघांना ते ठाऊक होतं.

त्या हळू आवाजाविषयी इथे लिहायला हवं. मी खडकीच्या कारखान्यात तपासणी विभागात सत्तावीस वर्षं काम केलं आणि आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. त्याची गरजच पडत नसे. माझा आवाज खाली गेला की समोरचा माणूस गप्प होई, आणि याचा मला मनातून अभिमान होता. मुलगी तीन वर्षांची असताना आम्ही एका लग्नासाठी एसटीने कोल्हापूरला निघालो होतो. ती सीटवर उड्या मारत होती, खिडकीतून हात बाहेर काढत होती. साताऱ्याच्या अलीकडे मी तिच्या कानाशी वाकून म्हणालो, “आता हललीस, तर इथेच उतरवून देईन.” त्यानंतर कोल्हापूरपर्यंत ती हलली नाही. शेजारच्या बाईंनी किती शहाणी मुलगी म्हणून कौतुक केलं आणि ते मी माझ्याकडे घेतलं. उतरताना तिचा फ्रॉक ओला होता. सांगायची हिंमतच तिला झाली नव्हती. पत्नीने फ्रॉक बदलला. मी मात्र मुलीलाच विचारलं, सांगायला काय झालं होतं?

तर अशा माणसाने अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन साडेनऊ तास विमानात बसायचं होतं. मी सवयीप्रमाणे अर्ध्या अर्ध्या तासाचं वेळापत्रक आखलं. पत्नीने ते चष्मा लावून वाचलं आणि नातीला वाचता येतं का, एवढंच विचारलं. मी ते घडी करून खिशात ठेवलं. पण तिच्या बोलण्यातला मुद्दाही घेतला. मुंबईच्या विमानतळावर मी नातीला कुठेही बसू दिलं नाही. सरकत्या पट्ट्यांवरून, दुकानांमधून, खांबांभोवती आम्ही दीड तास हिंडलो. हे मी आज कोणालाही खात्रीने सांगेन: मुलाला विमानात दमवता येत नाही, ते जमिनीवरच उरकून घ्यावं लागतं.

पासपोर्ट तपासणाऱ्या मराठी अधिकाऱ्याने आईवडिलांचं संमतीपत्र वाचलं आणि खिडकीतून वाकून नातीला विचारलं, हे कोण तुझे?

“अहो,” नात म्हणाली.

त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा, थोडं जोरात, तेच सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आमच्या घरची परिस्थिती समजावून सांगितली. मॅडम बरोबर नाहीत का, असं त्याने विचारलं, तेव्हा प्लास्टरचंही सांगितलं. “मग लंडनपर्यंत तुम्हीच मॅडम,” असं म्हणून त्याने शिक्का मारला.

पहिले सहा तास मला जमले, हे मी संकोच न करता लिहितो. खाऊचे डबे मी एकदम उघडले नाहीत. चुरमुऱ्यांचा एकेक दाणा वेचून खाण्यात पाऊण तास गेला. वर्तमानपत्राच्या टोप्या झाल्या. मधल्या वाटेने आम्ही इतक्या फेऱ्या मारल्या की मागच्या रांगेतले लोक तिला हात करू लागले. तिने पुढच्या सीटवरच्या बाईंचे केस दोनदा ओढले. दोन्ही वेळा मी क्षमा मागितली आणि दुसऱ्या वेळी तिलाही मागायला लावली. ती चाळीस मिनिटं झोपली. त्या चाळीस मिनिटांत मी हललो नाही.

सातव्या तासाला विमान हादरू लागलं आणि पट्टे बांधण्याची सूचना झाली. नातीला पट्टा नको होता. तिने अंग ताठ केलं, पाय झाडले, आणि तिच्या किंकाळीने तीन रांगा मागे वळल्या. मी दोनदा समजावलं. मग माझ्या तोंडून तो आवाज निघाला.

“आता हललीस, तर बघ.”

ती गप्प झाली. हात मांडीवर ठेवून, माझ्याकडे न बघता बसली. मी पट्टा बांधला. पुढच्या बाई वळून कौतुकाने हसल्या. ते हसू मला सोसवेना. सगळं हवं तसं झालं होतं, आणि मी मुलीला दिलेला शब्द मोडला होता.

मी वाकून माझं तोंड नातीच्या तोंडासमोर आणलं आणि म्हणालो, “माझं चुकलं. मी असं बोलायला नको होतं.” हे वाक्य मी घरात कधी कोणाला म्हटल्याचं मला स्मरत नाही. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग मूठ वळून माझ्या नाकावर एक ठोसा मारला. मी तो घेतला.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “अहो, शू.”

पट्ट्याचा दिवा अजून लागलेलाच होता. उठू नका, अशी खूण एअर होस्टेसने लांबूनच केली. प्रवासापुरता डायपर घातला होता, त्यात केलीस तरी चालेल, असं मी नातीला सांगितलं. ते तिला मंजूर नव्हतं. आजीने तिला वेगळं शिकवलं होतं. मग आम्ही थांबलो. दर मिनिटाला ती मला कळवत होती, “अहो, अजून आहे.” मी दर मिनिटाला तिचे आभार मानत होतो. दिवा विझला तेव्हा तिला उचलून मी ज्या वेगाने गेलो, त्या वेगाने खडकीतही कधी चाललो नव्हतो. आम्ही वेळेत पोहोचलो.

लंडनच्या विमानतळावर मुलीने नातीला कडेवर घेतलं आणि मला विचारलं, कसा झाला प्रवास? चांगला झाला, असं मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. पण घरी जाताना गाडीत नात झोपल्यावर मी मुलीला सांगितलं की एकदा तो आवाज निघाला. पुढचंही सांगितलं. आणि मग कोल्हापूरच्या एसटीचं सांगितलं, जे मी इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

ती रस्त्याकडे बघत गाडी चालवत होती. आपल्याला ते आठवत नाही, असं ती म्हणाली. दोन सिग्नल गेल्यावर म्हणाली, “नंतर घातलेला फ्रॉक आठवतो. तो टोचत होता.”

माझं चुकलं, हे तिलाही म्हटलं. तिने मान हलवली.

सोमवारी सकाळी ती ऑफिसला निघाली. दारात बूट घालताना तिने सांगितलं की नात दुपारी झोपायला नाही म्हणेल, पण तिचं ऐकायचं नाही. वरणभात डब्यात आहे, तो मात्र गरम करून द्या. पाळणाघराचा विषय तिने काढला नाही. ती दिसेनाशी होईपर्यंत मी खिडकीत उभा राहिलो, आणि वळून बघतो तर नात जेवणाच्या टेबलावर चढून उभी होती.